सातूच्या पीओआर एन्झाइममधली अमिनो आम्लं मोजताना: कामाच्या नोंदी

हिरवं होण्याच्या वाटेवर रोपाला एक पायरी उजेडातच चढावी लागते: प्रोटोक्लोरोफिलाइडचं (क्लोरोफिलच्या वाटेवरचं आधीचं रंगद्रव्य) क्लोरोफिलाइड होणं. सपुष्प वनस्पतींत हे काम एनएडीपीएच-प्रोटोक्लोरोफिलाइड ऑक्सिडोरिडक्टेज, थोडक्यात पीओआर, करतं. अंधारात वाढवलेल्या सातूच्या पिवळ्या पानात ते भरपूर साठलेलं असतं, म्हणून सातूच घेतला.

सातूच्या पीओआर-ए (पीओआरचा एक प्रकार) मधल्या अमिनो आम्लांचा क्रम १९८९ पासून माहीत आहे. पूर्ण साखळी ३८८ अमिनो आम्लांची. त्यातले पहिले ७४ घटक प्लास्टिडमध्ये (पेशीतल्या लवकात) शिरताना कापले जातात आणि ३१४ घटकांचं पक्व प्रथिन उरतं. म्हणजे उत्तर हातात आहे. तरीही मोजायचं, कारण ज्यांचा क्रम माहीत नाही अशा रोपांवर ही पद्धत वापरायची आहे. त्याआधी ती कुठे खोटं बोलते ते कळायला हवं.

३ नोव्हेंबर: बी

पहिला आठवडा बियाण्यातच गेला. किराणा दुकानातून आणलेली 'बार्ली' पॉलिश केलेली होती. पॉलिशमध्ये कोंड्याबरोबर अंकुरही जातो, त्यामुळे पाच दिवसांत एकही दाणा उगवला नाही. दुसऱ्या दुकानात 'जव' (सातूचंच दुसरं नाव) मागितल्यावर जवस बांधून दिलं. आता साल असलेला अख्खा जव, बियाण्याच्या दुकानातून, रंगीत औषध न चोळलेला. लाल-गुलाबी बुरशीनाशक चोळलेलं बी नको. ते धुवून पूर्ण निघत नाही आणि पुढच्या टप्प्यांत नसत्या शंका उभ्या करतं.

१० नोव्हेंबर: पेरणी

३०० ग्रॅम जव १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये १५ मिनिटं, मग नळाच्या वाहत्या पाण्याखाली अर्धा तास, मग सहा तास भिजत. ट्रेमध्ये ओल्या व्हर्मिक्युलाइटवर एकेरी थर. पहिल्या खेपेला दाणे दाटीवाटीने पसरले होते. तिसऱ्या दिवशी मधल्या भागात पांढरी बुरशी धरली आणि अर्धा ट्रे फेकावा लागला. दाण्याला दाणा लागणार नाही इतकं अंतर ठेवलं तर बुरशी एका दाण्यापुरती राहते.

खोली २१ ते २३ अंश. ट्रे कपाटात, कपाटावर दुहेरी काळं कापड.

१२ नोव्हेंबर: अंधार खरंच अंधार आहे का

कपाटाच्या मागच्या भिंतीवर स्टॅबिलायझर आहे, त्याचा लाल ठिपका फटीतून आत येत होता. दहा मिनिटं अंधारात बसून डोळे सरावल्याशिवाय तो दिसलाच नाही. लाल उजेड या कामाला सगळ्यात वाईट, कारण प्रोटोक्लोरोफिलाइड नेमका तोच शोषतं. ठिपक्यावर काळी चिकटपट्टी लावली.

काम करायला मंद हिरवा एलईडी, त्यावर हिरव्या जिलेटिन कागदाचे दोन थर. हिरवा म्हणजे सुरक्षित असं गृहीत धरू नका. चाचणी सोपी आहे. पानाचे तुकडे त्या दिव्याखाली अर्धा तास ठेवायचे, काही तुकडे फॉइलमध्ये गुंडाळून बाजूला. दोन्ही ८० टक्के ॲसिटोनमध्ये कुटून वर्णपटमापीवर बघायचे. प्रोटोक्लोरोफिलाइडचं शिखर ६२६ नॅनोमीटरच्या आसपास येतं, उजेड लागला असेल तर ६६३ ला नवं शिखर डोकावतं. एका थराला ते दिसलं, दोन थरांना नाही. मोबाइल खोलीबाहेर.

एक खुलासा इथेच. क्षणभर उजेड लागला म्हणून अमिनो आम्लांचे आकडे बदलत नाहीत. पण प्रोलॅमेलर बॉडी (प्लास्टिडमधली पटलांची जाळी, पीओआर इथेच साठतं) विस्कटू लागतात आणि तासागणिक पीओआर-ए नष्ट होत जातं. नुकसान उताऱ्याचं आहे, आणि उतारा कमी म्हणजे पुढे प्रत्येक मळ दुप्पट मोठा दिसतो.

१७ नोव्हेंबर: इटिओप्लास्ट (अंधारात वाढलेल्या पानातलं प्लास्टिड)

सातव्या दिवशी कापणी, १२० ग्रॅम पानं. टोकाकडचे सहा-सात सेंटिमीटरच घेतले, बुडखा टाकून दिला.

बफर: ०.५ मोलर साखर, ५० मिलिमोलर हेपेस पीएच ७.६, ५ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, १ मिलिमोलर ईडीटीए, ०.२ मिलिमोलर एनएडीपीएच. ग्रॅममागे ४ मिली. एनएडीपीएच (पीओआरला कामासाठी लागणारा जोडीदार रेणू) महाग आहे, म्हणून वाटण्याच्या बफरमध्ये न घालता धुण्याच्या बफरपासून घातलं. रचना मोजायला त्याची गरज नाही, ओळख पटवायला आहे.

मिक्सरमध्ये सलग ३० सेकंद फिरवल्यावर मिश्रण कोमट झालं आणि गाळ तपकिरी आला. ती ४० ग्रॅम पानं गेली. उरलेली पाच-पाच सेकंदांच्या तीन झटक्यांत, भांडं आधी रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवून. चार पदरी मलमल, मग बारीक नायलॉन जाळी. सेंट्रिफ्यूजमध्ये २०० जी ला (गुरुत्वाच्या २०० पट) २ मिनिटं, वरचं द्रावण ५००० जी ला १० मिनिटं. पेलेट (तळाशी बसलेला गाळ) पिवळं-केशरी आलं पाहिजे. ते कॅरोटिनॉइडचं आहे, रंग बघून घाबरू नका.

पेलेट साखर नसलेल्या बफरमध्ये फोडलं, बर्फावर पाच-पाच सेकंद दोनदा सोनिकेशन (ध्वनिलहरींनी फोडणं), मग १० ते ५० टक्के साखरेच्या ग्रेडियंटवर एक लाख जी ला दोन तास. वरचा दाट पिवळा पट्टा प्रोलॅमेलर बॉडीचा, खालचा विरळ पट्टा प्रोथायलाकॉइडचा (प्लास्टिडमधली बाकीची पटलं). वरचाच काढला. लोभापायी दोन्ही एकत्र केले तर ५५ किलोडाल्टनच्या आसपासची प्रथिनं वाढतात आणि जेलमध्ये गर्दी होते.

ओळख: थोडा नमुना क्युव्हेटमध्ये घेतला, वर्णपटात ६५० नॅनोमीटरला शिखर. कॅमेऱ्याचा एक फ्लॅश मारून लगेच पुन्हा बघितलं. ६५० चं शिखर खाली बसलं आणि ६८० च्या आसपास नवं उभं राहिलं. एवढा एक क्षण या कामात डोळ्यांनी बघण्यासारखा आहे. एन्झाइम, रंगद्रव्य आणि एनएडीपीएच तिन्ही आपापल्या जागी असल्याशिवाय असं होत नाही.

१९ नोव्हेंबर: जेल, पहिली फेरी

थंड ८० टक्के ॲसिटोनने दोनदा धुवून मेद आणि रंग काढला. पेलेट एसडीएस (प्रथिनं उलगडणारा साबणासारखा पदार्थ) बफरमध्ये ६० अंशांना १० मिनिटं. उकळलं नाही, पटलातली प्रथिनं उकळल्यावर गोळा होऊन विहिरीतच अडकतात.

नेहमीचं १२ टक्के ट्रिस-ग्लायसीन जेल. ३६ किलोडाल्टनला ठसठशीत पट्टा. क्रमावरून वजन ३३.८ किलोडाल्टन निघतं, जेलवर ते थोडं जास्त दिसतं. पीव्हीडीएफ पटलावर उतरवलं, कुमॅसीने रंगवलं, पट्टा कापला. शेजारच्या गल्लीत बीएसए (गाईच्या रक्तातलं, क्रम माहीत असलेलं प्रथिन), आणि त्याच पटलाचा प्रथिन नसलेला तुकडा ब्लँक म्हणून.

२४ नोव्हेंबर: ग्लायसीनचा डोंगर

पट्ट्यातलं प्रथिन आम्लाने तोडून पहिला क्रोमॅटोग्राम (प्रत्येक अमिनो आम्लाचं शिखर दाखवणारा आलेख) आला. ग्लायसीनचं शिखर कागदाबाहेर, बाकी सगळी शिखरं त्याच्या पायथ्याशी. ब्लँकमध्येही तेच.

हिशेब मांडल्यावर कारण लख्ख झालं. १ मायक्रोग्रॅम पीओआर म्हणजे सुमारे ३० पिकोमोल. रेणूमागे ग्लायसीन २८, म्हणजे सगळं मिळून सव्वाआठशे पिकोमोल. जेलच्या रनिंग बफरमध्ये ग्लायसीन १९२ मिलिमोलर, म्हणजे त्याच्या फक्त एका मायक्रोलिटरमध्ये १,९२,००० पिकोमोल. पटलाच्या छिद्रांत एक थेंब जरी अडकला तरी प्रथिनातलं ग्लायसीन त्यात बुडून जातं, मग ब्लँक वजा करूनही काही हाती लागत नाही. ट्रान्सफर बफरही ग्लायसीनचाच होता.

बीएसएची गल्ली ठेवली होती ते इथे कामी आलं. बीएसएमध्ये ५८३ पैकी ग्लायसीन अवघे १६ आहेत, तीन टक्क्यांहूनही कमी. त्याच्या क्रोमॅटोग्रामवर ग्लायसीन उंच दिसलं की मळ आहे, वादच नाही. पीओआरमध्ये मुळातच ग्लायसीन भरपूर असल्यामुळे थोडा मळ असता तर तो तिथे खपून गेला असता. बीएसए प्रत्येक फेरीत हवंच.

दोन आठवड्यांचं काम वाया. पानं पुन्हा वाढवली.

८ डिसेंबर: ग्लायसीन हद्दपार

बिस-ट्रिस जेल घरीच ओतलं, पीएच ६.५. रनिंग बफर मॉप्स ५० मिलिमोलर, ट्रिस ५० मिलिमोलर, ०.१ टक्के एसडीएस, १ मिलिमोलर ईडीटीए, आतल्या कप्प्यात ५ मिलिमोलर सोडियम बायसल्फाइट. ट्रान्सफर १० मिलिमोलर कॅप्स, पीएच ११, १० टक्के मेथनॉल. जेलचा साचा, कंगवा, स्पंज सगळं वेगळं ठेवलं. जुने स्पंज कितीही धुतले तरी ग्लायसीन सोडत राहतात, आम्ही ते फेकून दिले. रंगवल्यानंतर पटल शुद्ध पाण्यात सहा वेळा, दर वेळी पाच मिनिटं.

हातमोजे पावडर नसलेले. बोटांच्या ठशात सेरीन आणि ग्लायसीन भरपूर असतात, उघड्या बोटाने एकदा टेकवलेला चिमटासुद्धा ब्लँकमध्ये दिसतो. काचेच्या ६ बाय ५० मिलिमीटर नळ्या ४५० अंशांच्या भट्टीत रात्रभर तापवल्या. त्यानंतर त्या फक्त चिमट्याने उचलायच्या.

११ डिसेंबर: हायड्रोलिसिस (आम्लाने प्रथिन तोडून अमिनो आम्लं सुटी करणं)

बाष्प पद्धत. पट्ट्याचे तुकडे नळ्यांत, नळ्या मोठ्या बंद पात्रात, पात्राच्या तळाशी ६ नॉर्मल एचसीएल २०० मायक्रोलिटर आणि फिनॉलचा एक कण. निर्वात पंप, मग नायट्रोजन, असं तीनदा. शेवटी निर्वात करून बंद, ११० अंश. प्रत्येक नळीत आधीच १ नॅनोमोल नॉरल्युसिन घातलं. ते प्रथिनांत नसतं, त्यामुळे वाटेत किती हरवलं त्याची फूटपट्टी होते.

रात्री लाईट गेली. सकाळी ओव्हन ४० अंशांवर होता, किती तास बंद होता ते कळायला मार्ग नाही. वेळ माहीत नसलेला हायड्रोलिसिस म्हणजे निरुपयोगी नमुना, टाकून दिला. ओव्हन यूपीएसवर चालत नाही, ओढ फार आहे. मग लहान ड्राय ब्लॉक हीटर घेतला आणि पात्राऐवजी झाकण घट्ट बसणाऱ्या जाड काचेच्या नळ्या. हीटर साध्या यूपीएसवर तासभर तग धरतो.

१६ डिसेंबर: टायरोसिन कुठे गेलं

दुसऱ्या फेरीत ग्लायसीन शहाण्यासारखं वागलं, पण टायरोसिन सातऐवजी चारच्या आसपास. तपासल्यावर कळलं की नळ्या बदलताना फिनॉल घालायचं राहिलं होतं. फिनॉल नसेल तर टायरोसिनवर क्लोरीन चढतं आणि ते आपल्या जागी दिसत नाही. आता फिनॉल एचसीएलच्या बाटलीतच घालून ठेवलंय, ०.१ टक्का.

१८ डिसेंबर: पीआयटीसी

अमिनो आम्लं यंत्राला दिसावीत म्हणून त्यांना एक रसायन जोडावं लागतं. त्यातलं ओपीए प्रोलीनला धरत नाही, म्हणून पीआयटीसी. नमुना ०.१ नॉर्मल एचसीएल आणि ३० टक्के मेथनॉलमध्ये पटलावरून उतरवला, वाळवला. मग इथेनॉल, पाणी, ट्रायइथाइलअमिन २:२:१ मिश्रणाचे २० मायक्रोलिटर घालून पुन्हा वाळवला. ही पायरी गाळू नका. आम्ल शिल्लक राहिलं तर पीआयटीसीची क्रिया अर्धवट होते आणि सगळीच शिखरं बुटकी येतात. त्यानंतर इथेनॉल, पाणी, ट्रायइथाइलअमिन, पीआयटीसी ७:१:१:१ या प्रमाणात २० मायक्रोलिटर, खोलीच्या तापमानाला २० मिनिटं, आणि निर्वातात पूर्ण कोरडं. सी-१८ कॉलम, २५४ नॅनोमीटर. कॉलमला हीटर हवाच. दुपारी खोली तापली की शिखरं सरकतात आणि सकाळच्या मानकांशी जुळत नाहीत.

२३ डिसेंबर: चुकीच्या क्रमाशी तुलना

आकडे जुळवताना अर्धा दिवस गेला. सेरीन अपेक्षेपेक्षा बरंच कमी. हायड्रोलिसिसमध्ये सेरीन जळतं हे माहीत होतं, २४ तासांत साधारण दहावा भाग, पण तूट त्याहून मोठी होती. थ्रिओनिनचंही तसंच, उलट हिस्टिडिन जास्त.

चूक संगणकावर होती. तुलना ३८८ घटकांच्या पूर्ण साखळीशी केली होती. कापल्या जाणाऱ्या पहिल्या ७४ मध्ये १३ सेरीन आणि ८ थ्रिओनिन आहेत, हिस्टिडिन, टायरोसिन, सिस्टीन, ट्रिप्टोफॅन एकही नाही. पूर्ण साखळीत सेरीन १०.६ टक्के येतं, पक्व प्रथिनात ८.९. पानातून काढलेलं प्रथिन कधीच कापून आलेलं असतं.

पक्व सातू पीओआर-ए, ३१४ पैकी: ॲलनिन ३६, ल्युसिन ३२, ग्लायसीन २८, सेरीन २८, व्हॅलिन २४, लायसिन १८, थ्रिओनिन १७, ग्लुटामिक आम्ल १७, ग्लुटामिन ७, ॲस्पार्टिक आम्ल १६, ॲस्पराजिन ८, आर्जिनिन १६, फेनिलॲलनिन १५, प्रोलीन १२, मेथिओनिन ९, आयसोल्युसिन ८, हिस्टिडिन ८, टायरोसिन ७, सिस्टीन ४, ट्रिप्टोफॅन ४. आम्लात ॲस्पराजिन आणि ग्लुटामिन आपापल्या आम्लांत बदलतात, त्यामुळे क्रोमॅटोग्रामवर दोन्ही जोड्या एकेका शिखरात, प्रत्येकी २४.

टक्के काढताना एकूण बेरजेने भागू नका. एक शिखर फुगलं की बाकीचे सगळे आकडे खाली जातात. ॲलनिन, ल्युसिन आणि फेनिलॲलनिन आम्लात टिकतात, तिघांची बेरीज ८३. त्यांच्या पिकोमोलच्या बेरजेला ८३ ने भागलं की एका रेणूचं माप मिळतं, त्या मापाने बाकीचं प्रत्येक शिखर मोजायचं. ग्लायसीनचा मळ मग ग्लायसीनपुरताच राहतो.

२९ डिसेंबर: व्हॅलिन

२४ तासांच्या नमुन्यात व्हॅलिन २० च्या आसपास, आयसोल्युसिन ६ च्या वर जाईना. पक्व साखळीच्या सुरुवातीलाच ग्लायसीननंतर सलग तीन व्हॅलिन आणि लगेच आयसोल्युसिन आहे. पुढेही व्हॅलिन-व्हॅलिन दोन ठिकाणी आणि एकदा व्हॅलिन-आयसोल्युसिन-व्हॅलिन. या जोड्यांमधला बंध बाजूच्या भारी फांद्यांमुळे आम्लाला लवकर सापडत नाही. आयसोल्युसिन आठच असल्यामुळे त्यातले दोन अडकले तरी पाव हिस्सा गेला.

एकाच पट्ट्याचे तीन भाग करून २४, ४८ आणि ७२ तास. व्हॅलिन आणि आयसोल्युसिन ७२ तासांचे धरले, व्हॅलिन २३ वर आलं. सेरीन आणि थ्रिओनिनसाठी तिन्ही वेळांचे आकडे आलेखावर मांडून रेघ शून्य तासापर्यंत मागे नेली. एकच वेळ परवडत असेल तर २४ तास घ्या आणि व्हॅलिन, आयसोल्युसिन कमी येणार हे तक्त्यात लिहून टाका.

५ जानेवारी: सिस्टीन

साध्या एचसीएलमध्ये सिस्टीन टिकत नाही, ते सिस्टेइक आम्ल करून मोजायचं. फॉर्मिक आम्ल ९ भाग, ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड १ भाग, तासभर खोलीच्या तापमानाला मुरू द्यायचं, मग बर्फावर. पटलाचा तुकडा त्यात तीन तास. या तुकड्यावरचं टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅन जातं, म्हणून तुकडा वेगळा हवा.

चारऐवजी दोनच आले. पेरॉक्साइड ताजं आणून पुन्हा केलं, तरी दोन. दोष शेवटी जेलमध्ये सापडला. जेल सकाळी ओतून दुपारी चालवलं होतं. न जुळलेला ॲक्रिलामाइड त्यात शिल्लक राहतो आणि सिस्टीनच्या गंधकाला चिकटतो, मग त्याचं सिस्टेइक आम्ल होतच नाही. पीओआरची सिस्टीन कामाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत, एन-इथाइलमॅलेइमाइडने ती अडवली की एन्झाइम थंडावतं. अशी सिस्टीन ॲक्रिलामाइडलाही सहज सापडत असणार. जेल आदल्या संध्याकाळी ओतून रात्रभर ठेवलं, तेव्हा साडेतीन आले.

१२ जानेवारी: काय मोजलं नाही

ट्रिप्टोफॅन मोजलं नाही. त्यासाठी ४ मोलर मिथेनसल्फॉनिक आम्ल लागतं. ते उडून जात नाही, त्यामुळे पीव्हीडीएफच्या तुकड्यावर बाष्प पद्धतीने चालत नाही. नमुना विरघळलेला आणि जास्त लागतो. तक्त्यात ट्रिप्टोफॅनचं घर रिकामं ठेवलंय, क्रमातले ४ तिथे भरलेले नाहीत.

दुसरं, अंधारातल्या सातूत पीओआर-ए बरोबर पीओआर-बीही असतं आणि जेलवर दोन्ही एकाच पट्ट्यात येतात. मिळालेले आकडे त्या मिश्रणाचे आहेत. एखाद-दुसऱ्या घटकाचा फरक दिसला तर त्यावरून काही अनुमान काढायचं नाही.

१५ जानेवारी: वेळ आणि खर्च

पहिल्या पेरणीपासून दहा आठवडे. सगळं माहीत असतं तर साडेतीन आठवड्यांत झालं असतं: रोपं सात दिवस, प्लास्टिड ते पट्टा तीन दिवस, हायड्रोलिसिस तीन दिवस, बाकी क्रोमॅटोग्राफी आणि एक राखीव खेप. पैशांत सर्वांत जड गेलं एनएडीपीएच आणि पीव्हीडीएफ. जव आणि व्हर्मिक्युलाइट मिळून पाचशे रुपयांच्या आत. हीटर वगळता नवं यंत्र घेतलं नाही.

पुढची खेप गव्हावर. जव संपलेला नाही, पण तो आता मानक म्हणून राखून ठेवलाय: प्रत्येक जेलवर एक गल्ली बीएसएची, एक सातूच्या पीओआरची, आणि एक तुकडा कोऱ्या पटलाचा.